उलव्यातल्या एका वन बीएचकेचा ताळेबंद

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या नव्या विमानतळाशेजारच्या उलव्यातला एक वन बीएचके ६८ लाखांना विकला गेला. २०१२ मध्ये तो ३१ लाखांना घेतलेला. विकणारे नवरा-बायको खूश, दलाल खूश, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाची रांग. ‘पैसे दुपटीच्या वर गेले, आणि विमानतळ येणार हे आपलं म्हणणंही खरं ठरलं,’ असा एकंदर सूर. भांडवली नफ्याचा कर काढायला कागद माझ्याकडे आले, तेव्हा मी सगळी फाइल पहिल्या पानापासून लावली. माझा निष्कर्ष त्या ग्रुपवर टाकला असता तर मला बाहेर काढलं असतं. या कुटुंबाचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला आणि व्यवहार तोट्यात गेला.

त्यांच्या परवानगीने हा हिशोब मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, रकमा जवळच्या पूर्ण आकड्यात आहेत.

काय घेतलं, कसं घेतलं

गृहस्थ रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात, बाई शाळेत शिक्षिका. राहतं घर नेरुळला सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, जुन्या इमारतीत, स्वतःचं, कर्ज फिटलेलं. म्हणजे उलव्याचा फ्लॅट राहण्यासाठी नव्हता, निव्वळ गुंतवणूक. हा मुद्दा आधीच स्पष्ट केलेला बरा, नाहीतर ‘घर म्हणजे भावना असते’ हे वाक्य मध्येच येतं आणि आकडेमोड तिथेच थांबते.

जुलै २०१२. दर ४,७०० रुपये चौरस फूट, क्षेत्रफळ ६६० चौरस फूट ‘सेलेबल’. किंमत ३१ लाख २ हजार. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी, सेवा कर, व्हॅट आणि वकील मिळून साधारण तीन लाख. एकूण ३४. त्यातले नऊ लाख स्वतःचे, ठेवी मोडून आणि थोडं बाईंच्या पतसोसायटीचं कर्ज काढून. उरलेले २५ लाख बँकेचे, १०.२५ टक्के, २० वर्षं. हप्ता २४,५०० रुपये.

फाइलमध्ये प्रकल्पाचं माहितीपत्रक अजून आहे, चकचकीत कागदाचं. नकाशावर इमारतीच्या शेजारी विमानाचं चित्र आणि खाली ‘१० मिनिटे’. त्या वेळी तिथे उलव्याची टेकडी उभी होती, उलवे नदी आपल्या जुन्या पात्रातून वाहत होती आणि दहा गावठाणांमध्ये माणसं राहत होती. टेकडी फोडायची होती, नदी वळवायची होती, गावं हलवायची होती. माहितीपत्रकात यातलं काही नव्हतं. अर्थात ते असावं अशी अपेक्षाही कोणी करत नाही.

स्लॅब पहिल्या वर्षात पटापट पडल्या, कारण स्लॅब पडली की बँकेकडून पैसे सुटतात. वर्षभरात बहुतेक कर्ज उचललं गेलं आणि मग काम थंडावलं. ताबा २०१६ च्या अखेरीस, भोगवटा प्रमाणपत्र त्यानंतर, पहिला भाडेकरू २०१७ च्या मध्याला. भाडं सात हजार. पाणी टँकरचं, स्टेशन नाही, बेलापूरला जायला शेअर रिक्षा किंवा महापालिकेची एनएमएमटी बस. नेरुळ–बेलापूर–खारकोपर लोकल ११ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली आणि भाडं दीड हजाराने वाढलं. आठ वर्षांचं सगळं भाडं धरून, त्यातून देखभाल खर्च, मालमत्ता कर, रंगकाम, दलाली आणि रिकामे महिने वजा केले तर हातात उरले साडेपाच लाख.

दुपटीचा भ्रम

ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं की ४,७०० चा दर १५,८०० झाला, तिपटीच्या वर. हे वाचून मला थोडं हसू आलं. ४,७०० हा सेलेबलचा दर, म्हणजे त्यात जिना, लॉबी, गच्चीचा वाटा सगळं मिळवलेलं. १५,८०० हा कार्पेटचा, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेचा दर. २०१७ मध्ये महारेरा, म्हणजे बिल्डरांवरचं नियामक प्राधिकरण, आल्यापासून बिल्डरला कार्पेट क्षेत्रफळच सांगावं लागतं, त्यामुळे बोलण्यातही हळूहळू तेच रुळलं. या फ्लॅटचं कार्पेट ४३० चौरस फूट. त्या मापाने २०१२ चा दर ७,२०० होता. सव्वातीनपट वाढीतली जवळजवळ अर्धी वाढ मोजपट्टी बदलल्याची होती. गेल्या दहा वर्षांत नवी मुंबईत ‘आमच्याकडे भाव तिप्पट झाले’ असं सांगणारे जे भेटतात, त्यांना मी हा एक प्रश्न आधी विचारतो: कुठल्या फुटाचा भाव?

आता पैशांचं. हप्त्यांपोटी गेले साधारण ३९ लाख. पूर्ण कर्ज उचलल्यावरच्या पहिल्या हप्त्यात, २४,५०० पैकी २१,३५४ रुपये व्याज होतं. पुढे दर कमी-जास्त होत गेले, तरी विक्रीच्या दिवशी नऊ लाख मुद्दल बाकीच होती. म्हणजे ३९ पैकी सुमारे २३ लाख व्याज. ६८ लाखांतून दलाली, बँकेचे नऊ लाख आणि कर वजा जाऊन घरात आले साडेसत्तावन्न. स्वतःचे नऊ आणि हप्त्यांचे एकोणचाळीस मिळून गेले होते ४८. भाडं आणि व्याजावरची करसवलत जमेस धरून हा सगळा प्रवास वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास पडतो. बचत खात्यापेक्षा थोडा बरा, मुदत ठेवीपेक्षा वाईट.

कर्ज बाजूला ठेवून नुसत्या फ्लॅटकडे पाहिलं तर भाव आणि भाडं मिळून वाढ सहा टक्क्यांच्या आत. कर्ज नऊ-दहा टक्क्यांचं. एवढं कळल्यावर बाकीचं सगळं आपोआप कळतं.

तरी सगळ्यात बोलका आकडा मला करखात्याच्या तक्त्यात सापडला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने महागाई निर्देशांकाची, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायची सवलत काढली, पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्तीला पर्याय ठेवला: निर्देशांकाविना साडेबारा टक्के किंवा निर्देशांकासह वीस टक्के, ज्यात कर कमी तो. दलाली वजा करून निर्देशांकाविना नफा ३३ लाख, कर चार लाखांच्या वर. निर्देशांक लावला तर? २०१२-१३ चा निर्देशांक २००, २०२५-२६ चा ३७६. चौतीस लाखांचे होतात ६३ लाख ९२ हजार. दलाली वजा जाता नफा उरतो जेमतेम साडेतीन लाख, कर सत्तर हजार.

कर वाचला म्हणून ते दोघं आनंदले. मी त्यांना तीच ओळ पुन्हा दाखवली. सरकारच्या हिशोबाने तेरा वर्षांत तुम्ही साडेतीन लाख कमावलेत. शिवाय हा निर्देशांक शहरी महागाईच्या तीन चतुर्थांश वाढच धरतो, पूर्ण नाही. पूर्ण धरली तर तेवढेही उरत नाहीत. आणि त्या नफ्यासाठी २३ लाख व्याज भरलेलं, जे या तक्त्यात कुठे येतच नाही.

सोन्याशी किंवा सेन्सेक्सशी तुलना मी मुद्दाम करत नाही. २०१२ मध्ये तोळा तीस हजारांच्या आसपास होता आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये एक लाख वीस हजारांच्या वर, हे सगळ्यांना पाठ आहे, पण शर्यत संपल्यावर जिंकलेल्या घोड्याशी तुलना करण्यात शहाणपण नाही. पीपीएफशी करू. २०१२ मध्ये व्याज ८.८ टक्के, एप्रिल २०२० पासून ७.१, करमुक्त. २०१४ पासून मर्यादा वर्षाला दीड लाख. दोघांची दोन खाती म्हणजे तीन लाख. यांचा वर्षाचा हप्ता २ लाख ९४ हजार. जणू मापून शिवलेला. पहिल्या दोन वर्षांतला मर्यादेबाहेरचा भाग आणि सुरुवातीचे नऊ लाख साध्या मुदत ठेवीत धरले, तरी बेरीज ऐंशी लाखांच्या पुढे जाते. फ्लॅटची बाजू, भाडं आणि करसवलत व्याजासकट मिळवूनही, सत्तरच्या आत राहते.

सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीची किंमत

आता खरा प्रश्न. विमानतळ आला ना? ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. मुंबईला जोडणारा अटल सेतू हा समुद्रावरचा पूल जानेवारी २०२४ पासून सुरू आहे, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही गेली. जे जे येणार म्हणून सांगितलं होतं ते ते आलं. मग फायदा कुठे गेला?

फायदा २०१२ च्या आधीच विकला गेला होता. दुसऱ्या विमानतळाची चर्चा १९९७ पासूनची. केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची. पर्यावरण परवानगी नोव्हेंबर २०१० ची, आणि तिची बातमी प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होती. २०१२ मध्ये ज्याने ४,७०० चा भाव सांगितला, त्याने त्यात विमानतळ धरूनच सांगितला; तेव्हाच्या उलव्यात ना पाणी ना गाडी, नुसत्या चिखलाला तो भाव कोण देणार? कुटुंबाला वाटलं आपण पुढचं पाहतो आहोत. ते जे पाहत होते ते रिक्षावाल्यालाही दिसत होतं. गुपित नसलेल्या माहितीवर नफा होत नाही, तिचे पैसे विकणारा आधीच कापून घेतो.

दुसरं असं की सोय आली की भाव वाढतो तो मर्यादित असलेल्या गोष्टीचा. उलव्यात जमीन मर्यादित आहे, फ्लॅट मर्यादित नाहीत. संपादित जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्यांना मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर सिडको, शेतकरी आणि बिल्डर असा त्रिपक्षीय करार करून इमारतीमागून इमारती उठल्या. यांच्या सोसायटीच्या मागे मोकळं मैदान होतं, त्यावर आज तीन टॉवर आहेत आणि तिन्हींत वन बीएचके आहेत, यांच्यापेक्षा नवे, लिफ्ट चालू असलेले. जमीनही सिडकोची, मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची. त्यात विमानतळाजवळ इमारतीच्या उंचीवर मर्यादा असते. म्हणजे उद्या पुनर्विकासाची वेळ आली तर वर किती मजले चढवता येतील हेही त्याच विमानतळावर ठरणार, ज्याच्या नावाने फ्लॅट विकला गेला. ही गोष्ट माहितीपत्रकातल्या चित्रावरून कोणाला सुचली असती?

तारखा आणि व्याज

हाच फ्लॅट २०१८ मध्ये ६८ लाखांना गेला असता तर वाढ वर्षाला बारा टक्क्यांच्या आसपास पडली असती आणि मी हा लेख लिहिला नसता. सगळा फरक वेळेचा. आणि वेळ या व्यवहारात राजकारणाच्या हातात होती.

फेब्रुवारी २०१८ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा २०१९ अखेरचं बोललं जात होतं. त्याआधीही तारखा झाल्या होत्या, नंतरही झाल्या. प्रत्येक तारखेबरोबर दलालांचे फोन वाढायचे, ती टळली की थंड. २०१९ मध्ये यांना ४२ लाखांचं गिऱ्हाईक आलं होतं. ‘आता वर्षभरावर आलं, आता कशाला विकता,’ असा सल्ला बाईंच्या भावाने दिला. मग कोविड आला, विमानतळाची कंपनी बदलली, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता गेला. नेत्याला तारीख पुढे ढकलायला काही पडत नाही. हप्ता भरणाऱ्याला सुरुवातीच्या त्या वर्षांत प्रत्येक वर्ष अडीच लाख रुपयांना पडत होतं, नुसतं व्याज.

या जागी ‘प्रकल्पग्रस्तांनी अडवलं’ हे वाक्य येतं. शिकल्यासवरल्या नवी मुंबईकरांमध्ये ते इतकं पक्कं बसलं आहे की त्यावर कोणी विचार करत नाही. माझ्या मते या सगळ्या कथेत थांबण्याची किंमत बरोबर ओळखली ती शेतकऱ्याने. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. विमानतळाच्या वेळी तेच साडेबावीस टक्क्यांवर गेलं. शेतकऱ्याच्या डोक्यावर हप्ता नव्हता. थांबल्याने त्याचं व्याज वाढत नव्हतं, उलट समोरच्याचं वाढत होतं. म्हणून त्याला थांबता आलं आणि त्याचा वाटा वाढला. सगळ्यांनाच काही ते फळ नीट मिळालं नाही, कित्येकांनी भूखंड हातात येण्याआधीच बिल्डरला कवडीमोलाने लिहून दिले, आणि उठलेल्या गावांचं मोल जमिनीच्या टक्क्यांत मोजता येत नाही. पण व्यवहार म्हणून पाहिलं तर एकाच टेकडीकडे दोघं पाहत होते, एक कर्जाशिवाय आणि एक कर्ज काढून. दुसऱ्याने पहिल्याला अडाणी म्हणावं यात मला गंमत वाटते.

यांच्या कारखान्यात एक सहकारी होते. ‘विमानतळ बिमानतळ काही होत नाही, पुढाऱ्यांच्या बाता आहेत,’ असं बारा वर्षं डब्याच्या वेळी सांगायचे. पैसे पतपेढीत आणि टपालात. त्यांचा अंदाज साफ चुकला आणि त्यांची बेरीज यांच्यापेक्षा बरी निघाली. आता ते गप्प आहेत आणि हे जोरात आहेत. आपल्याकडे हुशारी मोजतात ती भाकितावर, ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ या वाक्यावर. वृत्तवाहिन्यांवरचे अर्थतज्ज्ञ काय आणि चहाच्या टपरीवरचे काय, किती व्याजाने किती वर्षं वाट पाहायची हा आकडा कोणीच उच्चारत नाही. तो उच्चारला की भाकिताची निम्मी ऐट जाते.

बाईंचं म्हणणं

हे सगळं मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. ते जरा खट्टू झाले. बाई नाही झाल्या.

“सर, तुमचा पीपीएफचा हिशोब बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, “पण ते पैसे तेरा वर्षं आमच्याकडे राहिले असते का, ते सांगा. दिरांनी २०१५ मध्ये ट्रक घेतला. आमच्याकडे मागितले होते. हप्ता चालू आहे म्हणून सांगता आलं. ठेव असती तर काय सांगणार होतो?”

याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. पीपीएफ मधेच सहज मोडता येत नाही हे खरं, पण त्यात पैसे न भरणं सहज जमतं, आणि हप्ता न भरणं जमत नाही. भावकीत पैसे दिसले की मागणं येतं आणि नाही म्हटलं की संबंध जातात. भिंतींत अडकलेला पैसा कोणी उसना मागत नाही. फ्लॅटच्या बाजूने मला पटलेलं हे एकमेव कारण. फक्त मग ते कारण म्हणूनच लिहावं: सक्तीची बचत, आणि नातेवाइकांपासून संरक्षण, खर्च सुमारे पंधरा लाख. कोणाला ते स्वस्तही वाटेल. दिरांचा ट्रक पुढे फायनान्स कंपनीने ओढून नेला, त्यामुळे बाईंना तर नक्कीच वाटतं.

त्यात विमानतळाचा मात्र काही संबंध नाही. हेच घणसोलीत घेतलं असतं तरी दिरांना तेच उत्तर देता आलं असतं.

सध्या

दलालाने विक्रीच्या आठवड्यातच नवा प्रस्ताव आणला. तिसरी मुंबई. अटल सेतूच्या पलीकडे उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांमध्ये नवं शहर वसवायचं सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलं आहे, आणि तिथला एन.ए., म्हणजे बिगरशेती, प्लॉट ‘आत्ताच घेतला तर’ वगैरे. गृहस्थ निम्मे तयार होते. अंदाज एकदा खरा ठरलेला माणूस दुसऱ्या अंदाजाला लवकर तयार होतो. तिसरी मुंबई होणारच नाही असं मी म्हणत नाही, कदाचित होईल, छानही होईल. मी दलालाला फोनवर एवढंच विचारलं की या भावात शहर किती वर्षांनी धरलं आहे, आणि ते पाच वर्षं उशिरा झालं तर हा भाव काय असायला हवा. त्याने दुसऱ्या दिवशी नकाशाची पीडीएफ पाठवली, त्यात मेट्रोची लाल रेघ काढलेली होती.

पैसे तूर्त दोघांच्या नावावर मुदत ठेवीत आहेत, तीन बँकांत वाटून. मुलीची इंजिनिअरिंगची फी त्यातून जाईल. प्लॉटचा विषय त्यांनी मार्चपर्यंत पुढे ढकलला आहे, आणि दिरांना ठेवींबद्दल अजून काही सांगितलेलं नाही.